डाव्या बाजूची सीट

– ताडपत्री खाली सोडा आधी. सोडा. ती गाडी विकायची नाही. भंगारवाल्याच्या आवारात न विकायची गाडी कशी, असं सगळेच विचारतात आणि सगळ्यांना मी हेच सांगतो – विकायची नाही. इकडे या उजेडात, तुमचं रत्न बघू. स्वतः बांधलीत म्हणता? दिसतंच आहे. नाही, रंगाला नाव ठेवत नाही, ऑर्मरॉड साहेब, घरी गाडी बांधणाऱ्यांचा रंग नेहमीच छान असतो – अख्खा हिवाळा गॅरेजात घासत बसता, मग उन्हाळ्यात मेळाव्याला नेऊन गवतावर ओळीने उभ्या करता, शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून चहा पिता, आणि एक माणूस खाली वाकून विचारत नाही की बाबा, हा सीटचा पट्टा कशाला बांधलायस? कशाला बांधलाय? फायबरला. नुसत्या फायबरच्या तळाला. हा तुमचा बोल्ट, आणि खाली वायसर – एवढासा, शर्टाच्या गुंडीसारखा. गाडी आदळली की हा फायबर फाडून वर येणार, मागोमाग पट्टा, पट्ट्यामागे माणूस. शिसारी येते मला. रेक्सहॅमचा एक दंतवैद्य होता, दवाखान्यातली जुनी खुर्ची गाडीत बसवायला निघालेला, ठार वेडा – पण त्यानेसुद्धा खाली सांगाड्याला पोलादी पट्टी जोडून घेतली होती.

आणि हे काय? पट्टा गुंडाळायचं रीळ आडवं? अहो, मूळ गाडीत ते जसं उभं होतं तसंच उभं लागतं, नाहीतर आतला गोळा कलंडतो आणि पट्टा अडकतो. अडकलाच ना? मग तुम्ही काय केलंत – थांबा, सांगू नका – हवा तेवढा ओढून घेतलात आणि कपड्यांचा चिमटा लावलात. चिमटा. लाकडी. हा काढून ठेवला बाकावर. आणि पट्टा आणलात कुठून? आदळलेल्या गाडीचा, इंटरनेटवरून, स्वस्तात. बोट फिरवा त्याच्यावरून, फिरवा – वीण ताणली गेलीय, कड बघा कशी लाटा लाटांची झालीय. पट्टा माणसाला एकदा धरतो, साहेब. दुसऱ्यांदा नाही धरत.

तुम्ही मेलात तर मेलात, मला सोयरसुतक नाही. पण डावीकडे कोण बसणार? – कोण? ग्लेनिस? पोस्टामागच्या गल्लीतली? – रविवारी. बार्मथला, समुद्रावर. असं. – हो, कानावर आलं होतं तिचं कुणाशीतरी जमल्याचं, गाव केवढं ते, पण घरी गाड्या बांधणारा आहे हे नव्हतं कुणी बोललं. तुम्हाला माहीत होतं ना, मी कोण ते? फाटकावर पाटी आहे, ट्रँटर म्हणून. वेगळे झालो तरी तिनेही आडनाव अजून तेच ठेवलंय. – नाही, मला काही वाटत नाही. बसा. नको, ताडपत्रीच्या गाडीतल्या त्या सीटवर तर मुळीच बसू नका.

बुटकी आहे ती, बघितलंत ना? मग हा वरचा बोल्ट इतका उंच कशाला? पट्टा मानेला घासेल, ती बोलणार नाही, गुपचूप काखेखालून घेईल आणि बसेल बार्मथपर्यंत तशीच – म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा. पाय टेकले नाहीत की कंबर धरते तिची. वाटेत बाला गावाजवळच्या वळणांवर तिला मळमळतं, आल्याची बिस्किटं जवळ ठेवा आणि तेव्हा तिच्याशी बोलू नका, समोरच्या गाडीवाल्याला शिव्या तर अजिबात देऊ नका. मला म्हणायची, तुला सगळ्या जगाची शिसारी, कधीतरी एखादी गोष्ट बरी म्हण की रे. मी म्हणायचो, बरी दिसली की म्हणेन. – असो. तुमचा काय संबंध.

धरा ते टोक. ताडपत्रीचं, अहो. – नाही, विकत नाहीये, काढून देतोय. गाडी गंजली म्हणून तपासणीत नापास झाली, आदळली कधीच नाही, पट्टा सरळसोट आहे. डावी सीट, डावा पट्टा, रीळासकट. उजवीकडचं मागू नका, ते तुमचं तुम्ही बघा, नवं घ्या. आधी सांगाड्याला पोलादी पट्ट्या वेल्ड करून घ्या, मग गाडी इथे आणा, मी पट्ट्याला लोंबकळून बघणार आहे, त्याशिवाय रविवारबिविवार काही नाही. – पैसे ठेवा खिशात. आणि सीट रुळावरून मागे सारू नका. अडकलेली नाही, सरकते – सारू नका एवढंच. तिथे तिचे पाय टेकतात.

विचारलं तिने तर भंगारातली म्हणून सांगा. खोटं थोडंच आहे. – तो चिमटा उचला माझ्या बाकावरून. आणि ऑर्मरॉड साहेब, रंग – रंग खरंच बरा आहे. तिला सांगा, मी म्हणालो म्हणून – नको. काही सांगू नका. जाताना फाटक ओढून घ्या.