डब्यातली एक कात

अड्याळहून भंडाऱ्याला निघालेल्या एसटीत साधनाताईंच्या पुढच्या सीटवर गावातलाच मच्छीमार लिलाधर आणि त्याची कॉलेजात शिकलेली बायको प्रेरणा बसले होते. तिच्या डब्यात, पाण्याबाहेर येताना चतुर किड्यांनी गवतावर सोडलेल्या काती होत्या. साधनाताईंनी पेपर उघडला, पण कान पुढेच होते.

“चतुर तर उडून गेला. नुसत्या कातीवरून कोणता होता, कसा ओळखतं तू?”

“खालच्या ओठावरून. हा पाहा, चमच्यासारखा. हा तलावातला.”

“अन् ही? मीच टाकली डब्यात, तुही परीक्षा घ्याले.”

“ही कुठी भेटली तुमाले?”

“आपल्याच तलावावर. इतवारी जाळं टाकाले गेलतो ना.”

“हिचा ओठ सपाट आहे, पाय उकराचे. हा चतुर नदीच्या रेतीत वाढते. आपल्या तलावात तर नुसता चिखल!”

“वाऱ्यानं आली असन.”

“इतक्या दूर, कारध्याच्या नदीवरून?”

लिलाधर डब्याचं झाकण लावू लागला.

“खरं सांगा.”

“भूपेंद्रनं आमा दोस्तांसाठी नदीवर पार्टी ठेवली होती. सांगतलं असतं तर तू रागावली असती.”

साधनाताईंच्या हातातला पेपर हलायचा थांबला.

“रागावणारच! दिवसभर नदीवर होते, अन् एकच कात आणली?”