धाकटीनं माळ उचलला

एकाहत्तर सालच्या आखाजीला आमची वाटणी झाली आणि धाकटीनं माळ उचलला. एवढंच झालं. बाकी जे सांगते ते त्याच्यातूनच निघालेलं हाय, म्हणून हे आधी लिहून घ्या.

मी हौसाबाई. माहेर माझं नामपूरच्या अंगाला, म्हणून आखाजी म्हणते, इकडं सिन्नरला अक्षय्य तृतीया म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडात हायच्या जागी शे यायचं, काय शे, कुठं शे, तर सासरी सगळे हसायचे, आणि सगळ्यात जास्ती हसायची ती माझी धाकटी जाऊ इंदू. ती माझ्यामागून चार वर्षांनी आली, म्हणजे घरात नवी ती, पण हसायची मला. तिचं माहेर निफाडकडं, पाटाच्या पाण्याखालचं, तिकडं ज्याचं शेत त्याचं घर शेतात, एक घर इथं तर दुसरं हाकेच्या पलीकडं, तिला मोकळ्यावर राहायची सवय. मला नाय. माझं माहेर म्हणजे कणसाला दाणे चिकटावेत तशी घरं, भिंतीला भिंत, इकडच्या चुलीवर भाकरी टाकली तर तिकडं कळायचं, आणि सासरचं गाव पण तसंच मिळालं, म्हणून मला बरं वाटलं होतं.

आमचं सासरचं गाव नदीच्या वळणावर, उंचवट्यावर. घरं जिथं असतात त्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी, हे तुम्हाला माहीत असंल. आमच्या पांढरीत एक बारव होती, दगडी पायऱ्यांची, सगळ्या गावाला पाणी तिचं. पूर्वेला सिन्नरच्या पुढं पाऊस कमी, खाली कातळ, दुसरीकडं कुठं खणलं तर दगड लागायचा, म्हणून सगळे त्या बारवेभोवती दाटीनं बसलेले. आळीला आळी लागलेली, मधे देऊळ, एक वेस, आणि वेशीबाहेर उताराला बौद्धवाडा. त्यांना बारवेवर येऊ देत नव्हते, ते नदीत झिरे खणायचे. हे होतं ते सांगते, लपवत नाय.

माळ म्हणजे गावापासून दीड मैलावर, वर चढाला. मुरूम. हुलगे सोडून काय पिकायचं नाय. झाड नाय, पाणी नाय, दिवसा जायला पण बायका दोघी-दोघीनं जायच्या.

तर वाटणी. आमच्याकडं रीत अशी, थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाकडं करत नाय, कारण उरलेलं त्यालाच घ्यायचं असतं. चांगली रीत हाय. पण वाटे मालकांनी पाडले नायत, मी पाडले. चार दिवस घोकत होते. काळीच्या वाट्यात नदीकाठचं रान आणि पांढरीतलं राहतं घर, बारवेपासून सात पावलांवरचं. माळाच्या वाट्यात घर नाय. मग धाकटा कशाला माळ उचलंल, तो काळीच उचलणार, आणि मी कुठं जाणार? मी मालकांना म्हटलं, माळाच्या वाट्यात वरच्या बांधाचा एक एकर जास्ती घाला. मालक म्हणाले, घालतो. मी म्हटलं बैलजोडी पण घाला. ते माझ्याकडं बघायला लागले. मग मी सासूबाईंचा तांब्याचा मोठा हंडा पण माळाच्या वाट्यात ठेवला, घासून, लखलखीत करून, इंदूला दिसंल असा.

पंच बसले. रंगनाथ भाऊजी, म्हणजे माझा दीर, उठला आणि काळीकडं बघत होता, मी डोळ्यांनी बघितलं, काळीकडंच बघत होता. तेवढ्यात इंदूनं पदर सावरला आणि पंचांसमोर बोलली, आम्ही माळ घेतो. पंच म्हणाले, बाई, नीट विचार करा, मागून तक्रार चालणार नाय. ती म्हणाली, केला. मी त्या दिवशी आळीत गूळ वाटला. काय सांगू तुम्हाला, तो गूळ अजून माझ्या घशात अडकलेला हाय.

दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ तुम्ही ऐकला असंल, आम्ही बघितला. बारव आटली, तळाचा गाळ दिसला. सरकारनं काम काढलं, रस्त्याचं. जुनी गाडीवाट नदीतून जायची, पावसाळ्यात बंद व्हायची, म्हणून साहेब लोकांनी आखणी केली ती वरून, माळावरून, तिकडं पूल बांधायला लागत नाय. मी खडी फोडायला होते. वर्षभर फोडली. उजव्या हाताचं हे बोट बघा, वाकडं हाय, ते त्या खडीचं. आणि एक दिवस चुन्याची फक्की मारत मारत आखणीची माणसं आली ती थेट इंदूच्या रानातून, तिनं माळावर घातलेल्या झोपडीपुढून तीस पावलांवरून. मी हातोडी खाली ठेवली. माझ्या शेजारी इंदूच बसलेली होती खडी फोडत. ती म्हणाली, अक्का, रस्ता आपल्या रानातून चाललाय. मी म्हटलं, आपल्या नाय, तुझ्या. म्हणजे तिच्या दारातला रस्ता मी माझ्या हातानं फोडून घातलाय, आणि माळ मी माझ्या तोंडानं तिच्या वाट्याला घातलाय. आता बोलायचं कुणाला?

पुढं दोन वर्षांत एस्टी सुरू झाली. थांबा कुठं, तर इंदूच्या लिंबापाशी. लिंब तिनंच लावलेला. मग एकानं टपरी टाकली, मग गिरणी आली, कारण वीज रस्त्याच्या काठानं आली, गावात यायला अजून तीन वर्षं लागली. सरकारनं बौद्धवाड्यातल्या लोकांना घरासाठी जागा दिल्या त्या रस्त्याच्या पलीकडं. गावातले लोक म्हणाले, टाकले माळावर. पण ज्यांना आम्ही वेशीबाहेर ठेवलं होतं ते आमच्या आधी रस्त्यावर गेले, त्यांच्यातला एक पोरगा मास्तर झाला, रोज लिंबाखालून एस्टीनं सिन्नरला जायचा, आणि आम्ही पांढरीत बसून त्यांच्या घरांचे नवे पत्रे चमकताना बघायचो. मग शाळेची नवी खोली तिकडं. मग ग्रामपंचायत. दोरीवर धुणं वाळत घालावं तशी घरं त्या रस्त्यावर एकेक लागत गेली, अलीकडं पलीकडं, लांबच लांब, त्याला ना वेस ना आळी. आणि वीज आल्यावर इंदूनं विहीर खणली, सुरुंग लावून लावून कातळ फोडला, बावन्न फुटांवर पाणी लागलं. रस्ता पण तिला आणि पाणी पण तिला. मी तीन दिवस कुणाशी बोलले नाय. मालकांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते म्हणाले, वाटे तूच पाडलेत, हौसा. तेवढं एकदाच बोलले ते, पण बोलले.

आमची आळी रिकामी व्हायला लागली. अकरा घरं होती आळीत. तेल्याचं गेलं, मग शेजारच्या भामाबाईचं गेलं, जाताना दार-चौकट काढून नेली, भिंती राहिल्या. सत्त्याऐंशी साली चूल पेटायची ती दोन घरांत, एक माझं, एक पुजाऱ्याचं. बारव भरलेली असायची आणि पाणी न्यायला कुणी नाय.

आता खरं दुखणं सांगते. माझा एकच मुलगा, दत्तू. सातपूरला कारखान्यात लागला, पाळीवर काम, दर शनिवारी एस्टीनं यायचा. एस्टी इंदूच्या दारात. मी इकडं चहाचं आधण ठेवून वाट बघायची आणि तो यायचा तास-तासभर उशिरा. मी म्हणायची, गाडी उशिरा आली का रे? तो म्हणायचा, नाय, काकूनं हाक मारली, चहा घेतला. पुढच्या शनिवारी भाकरी पण खाऊन आला. काकूनं हुलग्याचं पिठलं केलं होतं म्हणाला. मी पोटचं पोर वाढवलं आणि चहा तिच्या हातचा. मी एकदा म्हटलं, मग राह्यचं तिकडंच. तो हसला. सून पण हसली. मला हसू आलं नाय.

मग त्यानं एक दिवस सांगितलं, आई, घर बांधायचंय, पण गावात नाय बांधणार. तिकडं कोण हाय, भिंती हायेत नुसत्या. रस्त्याला जागा मिळाली तर बांधतो, रोज जाऊन-येऊन नोकरी करतो. नाय मिळाली तर सातपूरला खोली बघतो, बायको-पोरांना घेऊन जातो. दिवाळीपर्यंत सांगा. रस्त्याला जागा म्हणजे कुणाकडं, तर इंदूकडं, बाकी सगळ्यांनी विकून खाल्लेल्या. मी म्हटलं, मी तोंड उघडणार नाय. नातवंडं जातील तर जाऊ देत. असं म्हटलं खरं, आणि दत्तूची धाकटी पोरगी माझ्या मांडीवर वेणी घालून घेत होती, तिची वेणी मी दोनदा सोडून परत घातली.

दिवाळीला पंधरा दिवस होते तेव्हा इंदू स्वतः आली, दीड मैल चालत, भर दुपारी. बसली. पाणी पिली. म्हणाली, अक्का, दत्तू बोललाय आमच्याशी. जागा देतो. पण रीतीनं. तेव्हा वाटे थोरल्यांनी पाडले, आम्ही उचलला. आता वाटे आम्ही पाडलेत, तुम्ही उचला. मी म्हटलं, मला दान नको. ती म्हणाली, दान कुठं शे?

मुद्दाम बोलली, मला चिडवायला. तीस वर्षांपूर्वीचं शे माझ्याच तोंडावर मारलं.

मी गेले बघायला. भाऊजीनं फक्की मारून दोन जागा आखल्या होत्या. एक पुढची, रस्त्याला लागून, लिंबापाशी, तीन गुंठे. एक मागची, त्यांच्या घराच्या पाठीला, विहिरीला लागून, पाच गुंठे. मी दोन्हीकडं पावलं टाकून बघितली. आठ दिवस मी रोज जात होते आणि पावलं टाकत होते, लोक म्हणायला लागले म्हातारीनं मोजणी खातं काढलं. मी खोट शोधत होते. मागच्या जागेत दोन गुंठे जास्ती का घातले? मला कुणी शिकवायला नको, मी एक एकर घातलेला होता, बैलजोडी घातलेली होती, हंडा घासून ठेवलेला होता. जिथं जास्तीचं घालतात, तिथं ढकलायचं असतं. म्हणजे हिला मी मागं जायला पाहिजे, नजरेआड. पुढची जागा हिच्या दारासमोरची, ती हिला मोकळी ठेवायची.

पंच नव्हते, लिंबाखाली आम्ही चौघंच होतो, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मी म्हटलं, पुढची.

इंदू हसायला लागली, तेच हसणं. म्हणाली, मला वाटलंच होतं. मी म्हटलं, दोन गुंठे कशाला घातलेस ते मला कळलंय. ती म्हणाली, तुम्ही एकर कशाला घातला होता ते मला पण तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, मग उचललास कशाला? ती म्हणाली, तुमच्यापासून दीड मैल लांब राहायला मिळत होतं अक्का, वर एकर जास्ती. कोण सोडतंय? मग म्हणाली, पहिली दोन वर्षं लय वाईट गेली. बोलायला माणूस नाय. संध्याकाळी इथं उभी राहून तुमच्या आळीतले धूर मोजायची, अकरा. बारवेवर तुम्ही सगळ्या हसत असाल, मला आठवत असाल का, असं वाटायचं, आणि तुमचा लय राग यायचा.

मी म्हटलं, आम्ही हसत नव्हतो. खोटं बोलले. हसायचो, आणि तिच्यावरच हसायचो, माळावरची हडळ म्हणायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दत्तूनं घर बांधलं, दोन खोल्या, पुढं ओटा. एस्टीतून उतरलं की आधी माझं घर दिसतं, तिचं दिसत नाय, माझ्या घरामागं गेलं. तिचा रस्ता मी झाकला. दत्तू रोज जाऊन-येऊन नोकरी करतो, चहा घरी घेतो. पुजारी पण या वर्षी वर आला, पांढरीत आता कुणी राहत नाय.

पुढच्या जागेत पाणी नाय. दत्तूनं पाणाड्या आणून बघितलं, तो दोनदा फिरला आणि म्हणाला, इथं नाय लागणार, पाण्याची शीर मागं हाय. विहीर मागं, इंदूच्या दारात. सकाळी मी जाते, दोन खेपा. हंडा तिचा, सासूबाईंचा तांब्याचा तोच. भरून झाला की ती उचलून माझ्या डोक्यावर देते.