तिसरीचं नाव जालिन

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, वन्सं! बोला… नाही, आवाज तुटतोय. थांबा, खिडकीशी येते."

उलबोलसिन फोन कानाला लावून खिडकीशी गेली. मागे सून मकपाल भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. मुलगा बाउरजान चहाची वाटी हातात तशीच धरून आईच्या तोंडाकडे बघत राहिला. नणंद, कनीपा, गावाहून भरदुपारी फोन करते म्हणजे बातमी पोचली. तिघांनाही ते न बोलता कळलं.

"हो… हो, खरंय. सकाळीच जाऊन आलो. दोघीच, सासू-सून… नाव नोंदलं. दाखला हातात आहे, शिक्क्यासकट… जालिन… जालिन! ज्वाळा!… अहो, ओरडू नका, ऐकू येतंय मला. खाली अंगणातलं कुत्रं उठलं… तुम्हाला कुणी सांगितलं?… कचेरीतल्या बाईनं? तरीच. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

"हो, माहीत होतं ना. शुक्रवारी तुम्ही मुल्लांना घेऊन येणार, बाळाच्या कानात तीनदा 'उलतुआर' म्हणणार… म्हणून तर आज गेले. मुद्दाम. चुकून नाही हो झालेलं… कानातही सांगून झालं. तीनदा… कुणी म्हणजे? मी… बाईनं सांगितलं म्हणून काय कानात शिरत नाही?

"काय?… आगीचं नाव ठेवलं की घर जळतं? कुणी सांगितलं हो?… अहो, ऐका ना. आमची गल्ली बघितलीय ना तुम्ही? कोपऱ्यावर तंदूरवाला याल्कून. उइगुर आहे. त्यांच्यात याल्कून म्हणजे ज्वाळाच, आपल्या कझाकमधल्या जालिनसारखी. तीस वर्षं त्याची रोटी खातोय आम्ही, आणि मागच्या खेपेला तुम्ही सहा बांधून नेल्यात. त्याच्यासमोर आझेर राहतो, अझरबैजानचा. नावाचा अर्थ अग्नी, आणि धंदा काय? फ्रिज दुरुस्तीचा!… हसताय का?… मग खोकताय. बरं. आणि वरच्या मजल्यावर सेराफिमा आज्जी. रशियन. तिच्या नावाचा अर्थ 'जळणारी'. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, परवा जिना उतरून खाली आली बाळाला बघायला. काही जळलं नाही वन्सं. एक तिचा फळांचा जॅम तेवढा दर वर्षी करपतो.

"तापट होईल? होऊ दे की… सासरी कोण नेणार म्हणजे? आठ दिवसांचं पोर, सासर कसलं काढताय… नाही, मी उलटून बोलत नाहीये. बोलतेय.

"बरं, आगीचं तुम्ही मला सांगा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चुलीत चरबीचा तुकडा टाकून वाकायला कुणी लावलं? तुम्ही. आगीवर थुंकायचं नाही, आग ओलांडायची नाही, आग म्हणजे आई… कुणी शिकवलं? आधीच्या दोन्ही नातींच्या पाळण्याभोवती पेटता काकडा कुणी फिरवला, 'अलास, अलास' म्हणत, पीडा टळावी म्हणून?… ते वेगळं कसं? पाळण्याभोवती चालते आणि पाळण्यात चालत नाही?

"…

"हां. आता आलात मुद्द्यावर. मुलगा.

"वन्सं, उलतुआर म्हणजे काय ते म्हणा ना एकदा. मोठ्यानं… 'पोरगा जन्माला घाल.' हे नाव झालं? हा हुकूम झाला. आणि माझं काय? उलबोलसिन. 'मुलगा होऊ दे.' एकसष्ट वर्षं झाली… लागू पडलं, हो. नाही कुठं म्हणतेय? चार बहिणींवर मी पाचवी, आणि माझ्या पाठीवर भाऊ झाला. सगळे त्याला मांडीवर घ्यायचे आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, 'शाब्बास गं, आणलास हो भाऊ!'… लाड? तो लाड होता? मी स्वतः आले त्याचं कुणाला काही होतं का? शाळेत बाई हजेरी घ्यायच्या. 'मुलगा होऊ दे!' आणि मी उभी राहून म्हणायची, 'हजर!'… हसू नका. पोरं हसायची. मीही हसायची. घरी येऊन गोठ्यात बसायची.

"भावाचं सोन्यासारखं चाललंय, हो. त्याच्यावर राग नाही माझा. पण त्या नावात मी कुठं होते, ते सांगा… कुठंच नव्हते."

मकपालने मान खाली घातली होती. उलबोलसिनने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहून विचारलं, सांगू का? सुनेने होकारार्थी मान हलवली.

"आता एक ऐका. मध्ये बोलू नका… वन्सं, आता मुलगा होणार नाही. मुलगी नाही, मुलगा नाही, कुणीच नाही… डॉक्टर म्हणाल्या. रक्त थांबत नव्हतं. चार तास मी आणि तुमचा भाचा त्या बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आई वाचली, पण पुन्हा बाळंतपण झालं तर वाचणार नाही… नाही सांगितलं तुम्हाला. तिनं सांगू नका म्हटलं होतं. आज तिनंच हो म्हटलंय… आणि तुम्ही म्हणता पोरीचं नाव ठेवा 'पोरगा जन्माला घाल'! दिवसातून शंभर वेळा ती हाक ऐकायची कुणी? माझ्या सुनेनं? जेवायला बोलावताना, वेणी घालताना?…

"काय म्हणालात?…

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं? आणि मग?… नाही. नाही म्हणजे नाही. ती काही तुमच्या वंशाला घालायचं खत नाही… बोलले. मागे घेणार नाही.

"बाउरजानला देऊ? देते की. इथंच आहे."

तिने फोन पुढे केला. बाउरजानने फोनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. लहानपणापासून या आत्यापुढे त्याची मान वर झाली नव्हती. त्याने वाटी खाली ठेवली, उठला, आणि मकपालशेजारी बसून पोरीला मांडीवर घेतलं.

"तो नाही येत फोनवर… घाबरलेला नाही. लेकीला घेऊन बसलाय.

"पाळण्याच्या समारंभाला येणार नाही? बरं… गावातलं कुणीच येणार नाही? बरं… हे गेल्यावर या घरात तुमचाच शब्द चालला, वन्सं, मी चालू दिला. मान दिला, पुढेही देईन. आलात तर दारात येऊन दोन्ही हात धरून आत घेईन तुम्हाला, वरच्या जागी बसवीन. पण पोरीला जालिन म्हणायचं… तुम्ही उलतुआरच म्हणणार? म्हणा. ती ओ देणार नाही. मी शिकवीन तिला ओ न द्यायला.

"माझं नाव? नाही बदलत. आता कशाला? असू दे. पण या घरात ते माझ्यापाशी संपलं… हो, एवढंच… नाही, ठेवते आता. मी ठेवतेय."

आणि तिने ठेवला. एकोणचाळीस वर्षांत नणंदेच्या आधी फोन ठेवण्याची तिची ही पहिलीच वेळ. फोन तिने खिडकीत पालथा टाकला.

मिनिटभरात फोन पुन्हा वाजू लागला. मकपाल घाईने उठायला लागली.

"बस गं तू," उलबोलसिन म्हणाली. "वाजू दे."