पांढऱ्या दोऱ्याची बाटली

—नाही गं, दारूचा वास नाही आला म्हणतेस ना, मग दारू नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेतलायस. बस आधी. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, ही घे — ही तुझ्या नवऱ्याचीच. गुरुवारी आमची दारू सोडलेल्यांची बैठक असते ना, तेव्हा इथंच बसतो तो, खिडकीकडे पाठ करून. सुतार शेवटी, आल्या आल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय हलवून बघितले त्याने, ठोकून दिले, आणि ती एक तेवढी तशीच ठेवली. मी म्हटलं, हिचं काय रे? तर म्हणतो, मावशी, सगळंच दुरुस्त झालं तर मला यायला निमित्त काय उरेल. बोलायला मोठा गोड तुझा नवरा. चहा ठेवते. नाही कशाला म्हणतेस, मला प्यायचाच आहे. हा आवाज होय? मागे लाँड्री आहे, त्यांची यंत्रं फिरतात, भिंत थोडी थरथरते. सवय होते. मला तर ती बंद झाली की चुकल्यासारखं वाटतं.

हां, तर काय म्हणत होतीस — नाही, ऐकलं मी, सगळं ऐकलं. डोळे जड असतात, बोलताना शब्द ओढतो, तोंडाला गोडसर वास येतो, आणि सामानाची बांधाबांध करायची सोडून नुसता बसून राहतो. हेच ना? मग त्यात नवल काय आहे, बाई? माणूस गाव सोडून निघालाय. तिकडे थोरल्या दिरांनी कारखान्यात काम बघून दिलं, राहायला खोली बघून दिली, सगळं खरं. चांगलंच आहे. मी वाईट कुठं म्हटलं? पण तिकडे याला ओळखणारं कोण? दीर. दिरांना काय ठाऊक, याचा हात कधी थरथरतो ते? तुला तरी ठाऊक आहे का? रागावू नकोस. बायकोला उशिराच कळतं, यात तुझा दोष नाही, घरात माणूस लपवतो आणि इथं बोलतो, असंच असतं ते. तू त्याला शुद्धीवर बघितलंस आणि बेशुद्ध बघितलंस. मधला जो असतो ना, तो मी बघितलाय.

साखर किती? — बरं.

आणि मी काय कुणी डॉक्टर नाही, मला ठाऊक आहे. पण अख्खी नोकरी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर गेली माझी. कुठल्या गोळीने काय होतं ते मला विचारावं. म्हणून तर बैठकीत हे काम माझ्याकडे आलं, दोऱ्याचं. दोरा ठाऊक आहे ना तुला? सांगितलं असेल त्याने. नाही? अगं, सोडलेल्या माणसाला दारूच्या दुकानाची भीती नसते, दुकान लांबून दिसतं, रस्ता बदलता येतो. भीती असते ती औषधाची. खोकल्याचं औषध, दातदुखीचं, चूळ भरायचं — कशात काय घातलेलं असेल, बारीक अक्षरांत कुठंतरी कोपऱ्यात लिहिलेलं असतं, आणि शरीर काही विसरत नाही, एक चमचा पोटात गेला की जुनी ओळख निघते. भली भली माणसं त्याने घसरली. तेव्हा आपला नियम असा, की कुठलीही बाटली तोंडाला लावायच्या आधी मावशीला दाखवायची. मी वाचते, हुंगते, चालणारी असली तर तिच्या गळ्याला पांढरा दोरा बांधून देते. दोरा असला की डोळे मिटून घ्यायचं. नसला की नाही म्हणजे नाही, डॉक्टरने दिली असली तरी. मोठी मोठी माणसं, मिशीवाले, लहान मुलांसारखी रांगेत उभी राहतात गं माझ्यापुढे, हातात बाटल्या घेऊन. हसू येतं. पण बरं वाटतं. विश्वास आहे ना. एवढा विश्वास पोटच्या पोराने —

असो. चहा घे. गरम आहे, बशीत ओत.

मी तर म्हणते, आत्ता जाऊ नका. नका म्हणजे कधीच नका असं नाही. त्याला जरा सावरू दे. दिरांना कळवा, तब्येत बरी नाही म्हणावं — आणि खोटं कुठं आहे, नाहीच आहे बरी. रंध्याचा भुसा छातीत बसलाय त्याच्या, किती खोकत होता मागच्या बैठकीला, आमचा मास्तर बोलत होता तर याच्या खोकल्यापायी त्याला दोनदा थांबावं लागलं. आता उतार पडला असेल म्हणा. ती बाटली तेवढी उन्हात ठेवू नको म्हणावं त्याला, पातळ होतं मग —

कुठली म्हणजे? खोकल्याची.

तुला सांगितलं नाही त्याने? बघ. मी काय म्हणत होते, घरात लपवतात. रंध्यांच्या पेटीत ठेवतो तो, लाकडाच्या, खालच्या खणात, तूच हसशील म्हणून असेल, एवढ्याशा खोकल्याला काय औषध — मला सांगितलं त्याने, मी विचारलं म्हणून. अगं, दोरा आहे तिला. मीच बांधला. मीच दिली. दुकानातून त्याला आणायला लावलं असतं तर भलतंच काहीतरी घेऊन आला असता, म्हणून मीच आणली. वाचली की मी. मला वाचता येत नाही का? बाई, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी बाटल्यांवरची अक्षरं वाचतेय.

असतंच थोडं. सगळ्यांतच असतं थोडं. त्याशिवाय औषध मुरत नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. तू आत्ता घाबरलीयस, घाबरलेलं माणूस काहीही जोडतं. माझं ऐक. मास्तर आहे ना आपला, शाळेतला, जाड चष्म्याचा — तोही निघाला होता असाच. लेकीकडे, परदेशात. पेढे वाटणाऱ्या माणसासारखा तोंडभर हसत सगळ्यांचा निरोप घेत होता, मावशी, आता काही भीती नाही, आता मी बरा झालो. बरा झालो! हा शब्द मला आवडत नाही. बरं कुणी होत नाही. आणि जायच्या तोंडावर घसरला. कसा घसरला, त्यालाच कळलं नाही, दात दुखत होता तेवढा. लेक तिकडून रडायची फोनवर, मग हळूहळू फोन कमी झाले. आता कुठं जातो तो? प्रत्येक गुरुवारी पहिला हजर. सतरंजी तोच झटकतो. माझा हात धरून जिना उतरतो. सुखी आहे गं. तिकडे त्याला कुणी विचारलं असतं? जावई विचारणार होता?

इथली माणसं मला सोडून जात नाहीत. जातात, पण परत येतात. एकदा पाय घसरला की आपलं कोण ते माणसाला बरोबर कळतं.

माझा गेला. तो आला नाही. कोण काय — मुलगा. तुला वाटलं मी पिणाऱ्या नवऱ्यामुळे या कामात पडले? सगळ्यांना तसंच वाटतं, मीही काही बोलत नाही. माझा मुलगा प्यायचा. मी उलट्या काढल्या त्याच्या, शिव्या खाल्ल्या, दाराला कडी घालून दारात झोपले. ही बैठक मी सुरू केली ती त्याच्यासाठी, या खोलीत, आधी आम्ही दोघंच. आणि सुटली की त्याची. पार सुटली. तोंडावर तेज आलं. एक दिवस म्हणतो, आई, तुझ्याकडे बघितलं की मला ते दिवस आठवतात, मला जरा लांब राहू दे. लांब राहू दे! मी काय केलं होतं? तो मेला नाही, तसं काही नाही, चांगला आहे, बायको आहे, मूल आहे म्हणतात. फोन नाही. पत्ता नाही. बरा झाला आणि गेला. ज्यांची मुलं पिऊन मेली, त्या आया येतात ना इथं, त्यांच्याजवळ सगळे बसतात, पाठीवरून हात फिरवतात. माझ्याजवळ कोण बसणार? माझं तर चांगलंच झालं.

पदराने नको पुसू, रुमाल घे तो. चहा सांडलाय तर सांडू दे.

मी कुणाचं वाईट चिंतत नाही, हे लक्षात ठेव. मी दोनच चमचे सांगते. दोन चमच्यांनी माणूस मरत नाही, जरा ढासळतो, जरा घाबरतो, मग इथं येतो आणि मी सावरते त्याला. मला सावरता येतं. ड्रायव्हरलाही मी दोनच सांगितले होते. त्याला परवाना परत मिळाला, लांबची गाडी मिळाली, हवेतच होता तो. त्याने माझं ऐकलं असतं तर आज तोही या खुर्चीवर बसला असता. बाटली संपवायची कुणी सांगितली होती त्याला? आणि वर दुकानात जाऊन दारू प्यायची? डेपोच्या मागे सापडला तेव्हा खिशात ती दोऱ्याची —

काही नाही. कोण ड्रायव्हर? होता एक. तू नाही ओळखत.

उभी का राहिलीस? फोन करतेस? कर की. माझ्यासमोर कर, मला काय लपवायचंय. — वाजतोय? — वाजू दे. झोपला असेल. गुंगी येते त्याने. पुन्हा लाव. — नाही ना उचलत. मग घरी जा, इथं माझ्यावर डोळे वटारून काय होणार? आणि एक सांगते, शहाणी असशील तर ऐक. त्याच्या हातातून बाटली ओढायला जाऊ नकोस. हे विष आहे, मावशीने दिलंय, असलं काही बोलू नकोस त्याला. बोल हवं तर, पण तो काय म्हणेल, सांगू? म्हणेल, दोरा आहे. त्याने तुझ्याशी किती शपथा घेतल्या आणि मोडल्या, तुझ्यापुढे त्याला मान वर करता येत नाही. माझ्यापुढे येते. मग ऐकणार कुणाचं?

पोलीस? कसले पोलीस गं? काय सांगशील त्यांना — एका म्हातारीने खोकल्याचं औषध दिलं? दुकानात मिळतं ते. आणि तुझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्याकडे आधीपासून आहे, आठवतंय ना? मीच आले होते तेव्हा सोडवायला. तू दारात रडत होतीस.

जा. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतर. दिरांना आजच कळव, येत नाही म्हणून. बांधलेलं सामान सोडायला वेळ लागत नाही. आणि शुद्धीवर आला की तो माझंच नाव घेईल, तेव्हा हट्ट करू नकोस, गुरुवारपर्यंत थांबूही नकोस, मी इथंच असते. तूच घेऊन येशील त्याला. हाताला धरून आणशील.

दार ओढून घे जाताना.