बिनधुराचा नेम

हॅलो? … कोण? जरा मोठ्यानं बोला, मोटार चालू हाय… पारस? अरं तिच्या! थांब, बांधाच्या पल्याड येतो… हां, बोल. आळ्याचा पारसशेठ भर दुपारी गिऱ्हाईक सोडून निमगावाला फोन करतोय! सूर्य कुठनं उगावला आज?

… कांद्याची लागण चाललीय. आमची कारभारीण साळुबाई हाय, बाया हायेत, समदी रानातच. … मी? मी देखरेख करतोय. म्हंजी बिडी वढतोय.

… पेन? कसलं पेन? … हां, ती तुझी विजेवरची शिग्रेट! हाय की, कपाटात हाय. … नाय वढत. दोन दिस वढली, मग ठेवली. … अरं, तोंडात धरली की बारशाला गेल्यावानी गुळचट वास. सवयीनं झटकाया गेलो तर राखच नाय! कानावर ठेवली तर टपकन खाली. साळुबाई लई हसली. … नाय रं, विकायला बंदी असून तुझ्या लेकानं, प्रितमनं कुठनं तरी मिळवून दिली, मायेनंच दिली. पण तिला इस्तू लागत नाय, हे मला पटलंच नाय बघ. खिशात काडीपेटी असली तरी बिडीला इस्तू दुसऱ्याकडंच मागायचा. तो थांबतो, आपुन थांबतो, चार शब्द व्हत्यात. आपली वळख कशी झाली, सांग?

… व्हय, तुमच्या गोदामामागं! वाण्याचं पोर, हातात बिडी, आन पेटवायची कशी ते ठाऊक नाय! उलट्या टोकानं तोंडात धरली व्हतीस. … हो, हो, माझ्याच बिडीवर पेटवली. … आन सुमतीकाकू! तुझ्या आईला समदं ठाऊक. दारातच मूठभर बडीशेप हातावर ठेवायची, एक अक्षर नाय बोलायची. तुझ्या बापाला, माणिकचंदशेठला, शेवटपर्यंत वाटलं, पोराला बडीशेप आवडती. कसली मानसं व्हती रं. लई आठवण येती.

… हस, हस… अरं, हसतोयस का खोकतोयस? … पारस? … पाणी पी. मी थांबतो.

… कवापासनं? … दिवाळीपासनं? आन मला आज सांगतोयस? … बरं, डॉक्टरकडं गेलास. मग? काय म्हणाला?

… त्या पेनामुळं? पण ती तर वाफ हाय! तूच म्हणाला व्हतास, कुंडलिक, धूर नाय, नुसती वाफ हाय, बिडी टाक आन ही घे. … तिच्यात बी निकोटीन? … पण बिडीपरास बरी असंल का नाय? … हां. … हां. … बिडीपरास बरी असली तरी बिनधोक नाय. असं म्हणाला का.

… दिसभर वढतोस? गल्ल्यावर बसून? … अंथरुणात बी! राव, बिडीसाठी निदान दुकानाबाहेर तरी यायचास तू.

… आन चातुर्मासात? दर साली तुझा नेम असतो की, चार महिने बिडीला शिवायचं नाय. तू शिवायचा नायस म्हणून मी बी तुझ्या ओट्यावर खिशाला हात लावायचो नाय. शेंगदाणे खात बसायचो आपुन, आन चिडचिड करायचो एकमेकांवर…

… काय? औंदा वढत व्हतास? … थांब, थांब. इस्तू नाय, धूर नाय, मग नेम कसला मोडतोय… हे तुझं तूच ठरवलंस? म्हाराजांना इचारलं नाय? … अरं येड्या! सालातनं चार महिने छातीला इसावा मिळत व्हता, त्यो बी घालवलास!

… नाय, रागावलो नाय. भ्यालोय.

… ऐक, मी उद्या येतो. सकाळच्या एस्टीनं… का? … का येऊ नको?

… बोल, बोल. मला काय लागायचं नाय.

… माझ्या वासानं? … हां. … मी ओट्यावर बसलो की तुला तलफ येती. … सुनेचं नाव नको घेऊ. सिद्धी काय म्हणणार? तुझंच म्हणणं हाय, मला कळतं.

… नाय, वाईट नाय वाटलं.

… वाटलं जरा.

… एक सांग. वास सदऱ्याला येतो का अंगालाच? … नाय, सदरा असता तर बदलून आलो असतो, म्हणून इचारलं.

… मी सोडू? … पारस, पन्नास वरसं झाली. आत्ता व्हय म्हणलो तर खोटं व्हईल, आन तुझ्यापाशी कशाला खोटं बोलू? … ही हातातली तेवढी इझवली बघ. उद्याचं उद्या.

… ठेवू नको! … अरं, ठेवू नको रं. फोनमधनं वास येत नाय नव्हं? मग ऱ्हा की जरा.

… नाय, तू बोलू नको, धाप लागती. मी बोलतो, तू ऐक. … तर, औंदा पाटाला पाणी बरं हाय. रोप बी चांगलं उतरलंय…

हॅलो? … हायेस ना? … नुसतं हं म्हण.

… हां. तर, काय सांगत व्हतो…