पुनवेच्या पहाटे खाडीत आरमार

नाही, पण पंखे बंद? एप्रिलात? रत्नागिरीत? तुम्हाला सांगतो, मंगल कार्यालयाचा एवढा थोरला हॉल, वर अठरा पंखे, खाली चाळीस माणसं घामाने निथळतायत, आणि मी बटणाला नुसता हात लावला तर सगळे एकदम ओरडले, "काका, नको! झाडं पडतील!" कुठली झाडं? तर टेबलावरची स्पंजची झाडं! बोटाएवढी! माझी खरी झाडं तिकडे आंब्यांनी लगडलीत, गडी आंबे उतरवायचे झेले घेऊन खोळंबलेत, आणि मी इकडे स्पंजला वारा लागू नये म्हणून उकडून निघतोय... ऐन आंब्यात!

हौस म्हणून गेलो नव्हतो हो! आमची अवनी पुण्याला नोकरीला, तिने तिथे एक मुलगा पसंत केला, शौनक. शिकलेला, नोकरी बरी, दिसायला बरा. मग खोट कुठे? तर हा लढाया खेळतो! जुन्या काळच्या लढाया, टेबलावर, इंच इंच उंचीचे सैनिक रंगवून, फासे टाकून! असले चाळीस जण, त्यांचं दोन दिवसांचं संमेलन, आणि ते ह्या शहाण्याने भरवलं कुठे? आमच्याच गावात! वासंती, म्हणजे आमची ही, म्हणाली, "जा, दोन दिवस बसा, मुलगा पारखून या. बाबा हो म्हणाले तरच, असं म्हणतेय ती." मी नकार खिशात घालूनच निघालो. फक्त कारण हवं होतं. तीस वर्षांचा बाप्या बाहुल्या रंगवतो, हे कारण तुम्हाला पुरेल की नाही? आमच्या हिला पुरेना!

पहिलाच भेटला तो गुरुप्रसाद, दातांचा डॉक्टर. हा शौनकचा सेनापती की काय तो. मला म्हणतो, (नाकातून बोलतो हो) "काका, ह्या घोड्याचा लगाम बघा, तीन केसांच्या कुंचल्याने रंगवलाय. चार महिने लागले." म्हटलं, एका घोड्याला चार महिने? "घोड्याला नाही, लगामाला!" अरे शिंच्या, चार महिन्यांत आमच्याकडे मोहोराचा आंबा होतो!

बरं, मी चहाचा कप ठेवला. टेबलावरच ठेवणार ना? "काका, डोंगरावरून कप उचला!" उचलला, तर कोपर लागलं आणि सतरा घोडेस्वार आडवे. उभे करायला गेलो... "हात लावू नका! कुठे पडलेत ते मोजायचंय!" मग टेप निघाली, आणि अर्ध्या इंचावरून दोघे वीस मिनिटं असे भांडले, असे भांडले, की हद्दीच्या गडग्यावरून सख्खे भाऊसुद्धा भांडत नाहीत! मी घरून आमरसाचं पातेलं पाठवलेलं, पहिल्या काढणीचा आंबा हो, तर जेवायला एक जण उठेल तर शपथ! "काका, माझी चाल यायचीय." रस आंबला! रत्नागिरीत, माझ्या डोळ्यांदेखत, ऐन आंब्यात!

रविवारी मोठी लढाई. फळ्यावर लिहिलेलं, 'काल्पनिक लढाई. पौर्णिमा, पहाटे सहा.' टेबलावर खाडी, खाडीच्या तोंडाशी शौनकची बावन्न गलबतं, वर्षभर रंगवलेली, आणि समोर किल्ल्यावर किल्लेदार कोण? आमची अवनी, सकाळीच पुण्याहून आलेली! हो! तीसुद्धा त्यांतलीच! मला तिथे कळलं! शौनक छाती काढून सांगतोय, "आरमार पहाटे खाडीत शिरेल आणि थेट तटाला भिडेल." आणि माझं तोंड... तुम्ही ओळखताच माझं तोंड.

म्हटलं, "पुनवेच्या पहाटे खाडीत पाणी कुठून आणलंस रे? तिथीची पाऊणपट कर! पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. म्हणजे पहाटे पाच-सहाला खडखडीत सुकती! त्या वेळी बायका खाडीत उतरून चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढतात. तुझं आरमार बसणार चिखलात, आणि त्या विचारणार, भाऊ, जरा गलबत सरकवता का?"

तो दातवाला किंचाळला, "नियमांत भरती-ओहोटी नाही! काका खेळातच नाहीत!" मी शौनककडे बघत होतो. म्हटलं चिड, बाबा, चिड. एकदा आवाज चढव, की मी घरी जाऊन सांगतो, पोरगा तापट आहे, विषय संपला.

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "काका बरोबर सांगतायत. त्यांना खाडी माहितीये, मला नाही." आणि बावन्नच्या बावन्न गलबतं एकेक करून आपल्या हाताने उचलून खोक्यात ठेवली. हरला. वर वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, "काका, मग चतुर्थीला भरती किती वाजता?" असा संताप आला मला! दोन दिवस घाम गाळून एक कारण मिळत होतं, तेही ह्याने ठेवलं नाही... तेसुद्धा ऐन आंब्यात!

घरी येताना रिक्षात मी अवनीला म्हटलं, "अगो, खाडीवर वाढलीस तू. त्याची चूक तुला दिसली नाही?"

"दिसली की."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा, फळ्यावर ती तिथी मीच घातली होती. चारचौघांत कुणी चूक दाखवली तर हा काय करतो, ते बघायचं होतं मला. लग्न करायचंय ना!"

"आणि मी गप्प बसलो असतो तर?"

"तुम्ही?" म्हणाली, आणि घर येईपर्यंत हसत होती. तो मेला रिक्षावालासुद्धा हसला!

आता गावात जो तो विचारतोय, काय, मुलगी दिलीत म्हणे पुण्याला? दिली, हो, दिली. म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. तिने त्याची परीक्षा घेतली, तो पास झाला, आणि मी आपला त्या पेपरातला अवघड प्रश्न!