शेव्हिंग क्रीमवरचं कुपन

ओहायोतल्या सुपरमार्केटात ग्लेंडा दूध घेऊन रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. लोइसच्या हातात घरी नेटवरून छापलेल्या कुपनांचा गठ्ठा, आणि दाढीवाला व्हर्नन गाडी ढकलत तिच्यावर घसरलेला.

“तीस सेंट वाचवायला साठ सेंटची शाई उडवलीस. धन्य आहे!”

“जेवायला मिळतंय ना? मग गप्प बस.”

“मिळतंय की! सोमवारपासून मशरूमचं सूप. कुपनं संपेपर्यंत दुसरं काही ताटात यायची काय बिशाद!”

“हळू बोल, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. आणि ही शेव्हिंग क्रीम कुणाला? मी दाढी केल्याला जमाना झाला.”

“कर्टसाठी.”

“वा! चिरंजीव बापाचा फोन उचलत नाहीत, पण कुपन आहे म्हटल्यावर धावतच येतील!”

“थँक्सगिव्हिंगच्या सणाला आलाच, तर घरात असावी.”

“गेल्या वर्षीची अजून फोडलेली नाही.”

“तिच्याशेजारी ठेवीन.”

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, हे क्रीमचं कुपन दोन घेतल्या तरच चालतं.”

“मग राहू दे.”

“राहू दे काय?” व्हर्ननने मुलीच्या हातातला क्रीमचा डबा ओढला. “आणि ही लिंबाच्या वासाची! पुरळ उठतं त्याला. आई ना तू त्याची? थांब इथंच, दुसऱ्या दोन आणतो.”

तो पाय ओढत आत गेला.

“मॅडम, तुम्ही पुढे या,” मुलगी ग्लेंडाला म्हणाली.

“नको, त्यांना येऊ दे,” ग्लेंडा म्हणाली.